पंक्चर नसलेली ट्यूब

एवढीशी रबराची नळी, शेवयीसारखी, टोकाला चिरलेली — मासानोरीच्या ओल्या चिमटीत चिकटून बसली होती. पंक्चर नव्हतंच. वॉल्व्ह काढताक्षणी त्याला कळलं होतं, वॉल्व्हवरची ही वॉलट्यूब गेलीय, दोन मिनिटांचं काम. तरीही त्याने टायर उचकटला, ट्यूब ओढून काढली, न्हाणीघरातला टब भरून आणला आणि नसलेलं भोक शोधत अंगणात बसला… निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली हत्यारांची पेटी शेजारी उघडी होती. पाने, पकड, पट्ट्या, सगळं नवंकोरं. ही पेटी आहे की देव्हारा, असं त्याची बायको चिझुको म्हणायची.

काल जेवताना मिसोचं सूप वाढता वाढता ती म्हणाली होती, "नदीपलीकडे एक खोली बघितलीय. माझ्यापुरती. उद्या हो म्हणून सांगून येते." आवाज चढवला नाही, रडली नाही. आणि आज सकाळी तीच — "अहो, सायकलची हवा गेलीय, बघता का जरा?" म्हणजे मला सोडून जायची सायकल मीच दुरुस्त करायची… बरा न्याय आहे! जन्मभर कारखान्यातून उशिरा येणारा मी, आता दिवसभर घरात असतो, तिच्या पायात पायात येतो, भात कधी लावणार म्हणून विचारतो. एवढाच माझा गुन्हा? की एवढा पुरतो?… त्याने ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली. बुडबुडा आला नाही.

"सापडलं का हो?" चिझुको दारात उभी होती. डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी.

"बारीक आहे भोक. वेळ लागेल."

"वॉलट्यूब गेलीय. सकाळी मीच उघडून पाहिलं. म्हटलं, पेटी एकदा तरी वापरू दे तुम्हाला."

त्याचे कान तापले. त्याने नवी वॉलट्यूब चढवली, टायर बसवला, पंप मारला. ठाऊक असून तिने मला का सांगितलं — कीव म्हणून, की अजून काही उरलंय म्हणून… त्याने मागचं चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. ब्रेकच्या आतला पट्टा पार झिजलेला. आणि पुलापलीकडचा तो उतार, खाली सिग्नल, मालमोटारी…

"थांब, मागचा ब्रेक गेलाय."

तिने मुठीवरचा ब्रेक दाबून पाहिला. "लागतोय की."

"हाताला लागतो, चाकाला नाही. आत्ता दाखवतो —"

"पुरे," चिझुको हसली, दमल्यासारखी. "आता ब्रेक, मग घंटी, मग साखळीला तेल. सकाळभर मला बनवलंत तेवढं बास झालं."

"अगं, खरंच गं —"

तिने हँडल धरलं. त्यानेही दुसऱ्या बाजूने धरलं. ती खोली, रिकामं घर, सगळं एकाएकी मागे पडलं होतं. तिने जावं, खुशाल हो म्हणून सांगावं, पण तो उतार धड उतरावा, एवढंच त्याला हवं होतं; आणि तिला खरा वाटेल असा एकही शब्द त्याच्याकडे उरला नव्हता.