न बसणारा कोळसा

गुंजीच्या देवळापुढं सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. रविराजबाबा धुनीतला कोळसा वस्त्रगाळ करून एकेका घराच्या नावानं ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यात टाकत, काडीनं ढवळत आणि उदबत्ती लावत. उदबत्ती विझेपर्यंत पाणी काळंच राहिलं तर घर निर्मळ. कोळसा तळाशी बसला, तर त्या घरात करणी करणारं माणूस आहे!

"विज्ञानालाबी ह्ये कोडं सुटलेलं न्हाय!" बाबा गरजत. विज्ञानाला विचारायला कोण गेलं होतं, देव जाणे.

परशरामला मात्र एका जागी उभं राहवेना. बेळगावच्या फौंड्रीत बावीस वर्षं काढलेला हा माणूस आज लेकीच्या, दिपालीच्या, नजरेला नजर देत नव्हता. दिपालीनं बाबांचा गंडा सोडून खोकणाऱ्या पोराला डॉक्टरकडं नेलं, तेव्हापासून दोनदा तिच्या पेल्यातला कोळसा बसला होता. आज तिसऱ्यांदा बसला, तर पोर सासरी ठेवून तिनं एकटीनं माहेरी जायचं, असं सासूनं, अंबुबाईनं, ठरवलं होतं.

बाबांनी दिपालीचा पेला ढवळला. उदबत्ती अर्धीही जळली नाही तोच पाणी निवळू लागलं.

"बसला गं बसला!" बायका ओरडल्या. अंबुबाईनं पोर ओढून घेतलं.

"आप्पा, तुमास्नीबी खरं वाटतंय व्हय?" दिपालीनं बापाला विचारलं.

परशरामची मान खाली गेली. क्षणभर त्याला खरंच वाटलं होतं. खाली बघताना बाबांच्या आसनाजवळ दोन काड्या दिसल्या. एक कोरडी, एक चकचकीत. त्यानं चकचकीत उचलली. बोटं चिकटली. रिठ्याचा वास आला, आणि हा चिकटा डिंकाचा! फौंड्रीत साच्यांना आतून लावायचा कोळशाचा काळा लेप तो रोज कालवायचा. डिंकाच्या पाण्याशिवाय कोळसा तळ गाठतो, हे नव्या कामगारांना तोच शिकवायचा.

"ठेव ती! भस्म हुशील!" बाबा ओरडले.

"बावीस वर्सं भट्टीपाशी हाय मी. अजून झालो न्हाय."

त्यानं चकचकीत काडीनं लेकीचा पेला पुन्हा ढवळला. दुसऱ्या पेल्यात तोच कोळसा टाकून कोरडी काडी फिरवली. "आनि ह्यो बाबांच्या नावाचा."

नवी उदबत्ती लागली. ती विझली तेव्हा दिपालीचा पेला काळाकुट्ट होता. बाबांच्या पेल्याचा तळ काळा आणि वर पाणी स्वच्छ. बाबा झोळी शोधू लागले.

"कोळशाला पाण्याचं वावडं असतंय, म्हणून कण एकमेकाला चिकटून तळाला बसत्यात," परशराम म्हणाला. "रिठा त्येला भिजवतोय. डिंक कणाकणावर चढतोय, मग कण एकमेकाला चिकटत न्हाईत, लवकर बसत न्हाईत. करणी कसली आलीय ह्यात? बाबांच्या मर्जीतल्यांस्नी चकचकीत काडी, नावडत्यांस्नी कोरडी!"

दिपालीनं अंबुबाईच्या हातातून पोर घेतलं. अंबुबाईनं हात सैल सोडले.

परशरामनं आता लेकीच्या नजरेला नजर दिली. "पोटच्या पोरीवर संशय घेतला मी. काडीवर घेतला न्हाय."

मंडळी, पेले उघडे होते, काड्या समोर होत्या. चमत्कार दिसला की हात जोडू नका. आधी काडी मागा.