आई म्हणणारं पाणी

बंद पडलेल्या दगडखाणीच्या काठावर सकाळी सातलाच दोन-अडीचशे माणसं दाटली होती. थंडी अशी, की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. गार पाण्यात बसणारा म्हणून लोक ज्याला गारबाबा म्हणत, तो खाणीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नव्हती. त्याने हात वर केला. चार नवे सेवेकरी एकामागून एक उतरले आणि प्रत्येकाच्या तोंडून तीच हाक निघाली, "आई!"

काठावरून माझी धाकटी बहीण चारही वेळा म्हणाली, "ओ. आले रे."

माझ्या अंगावर काटा आला. तिचा एकुलता एक मुलगा मागच्या हिवाळ्यात याच पाण्यात गेला होता. पट्टीचा पोहणारा, पैजेपोटी वरून उडी मारली आणि वर आलाच नाही. तेव्हापासून, तो कधीही परत येईल म्हणून, ती रात्रीही घराच्या दाराला कडी लावत नव्हती.

गारबाबाने हे सगळं कुणाकडून तरी काढून घेतलं आणि थाप रचली. पोराचा जीव पाण्यात अडकलाय, जो उतरेल त्याच्या तोंडून तो आईला हाक मारतो. सेवेकऱ्यांनी रोज पाच मिनिटं बसायचं. हाक बारीक होत सहाव्या दिवशी थांबेल, म्हणजे पोर थकून आईची वाट बघत बसलं. सातव्या दिवशी आईने स्वतः उतरून त्याला कवेत घ्यायचं, की त्याची सुटका. "पाणी काही विसरत नाही, माई," असं तो डोळे मिटून म्हणायचा. मग माझा गेल्या वर्षी विहिरीत पडलेला चष्मा कुठे आहे, तेही त्याने पाण्याला विचारून सांगायला हरकत नव्हती.

पण चेष्टा करायची सोय नव्हती. बहिणीला हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. ती या पाण्यात एकदम उतरली तर कदाचित परत येणार नाही, असं तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. ती एवढंच म्हणाली, "दादा, तो बोलावतोय आणि मी काठावर बसू?"

सहाव्या दिवशी हाक खरंच थांबली. चौघेही मुकाट पाण्यात बसले. गर्दीने हात जोडले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी एकवीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात मुकादम आहे. बर्फाची लादी सुटावी म्हणून साचा ज्या हौदात बुडवतात, त्यातलं पाणी बर्फासारखं गार असतं आणि तो हौद घासायला माणसाला आत उतरावं लागतं. नवा कामगार पहिल्या दिवशी "आई गं" करून कारखाना डोक्यावर घेतो. आठवड्याभराने तोच हौदात उभा राहून बिडी मागतो. तेव्हा आम्ही म्हणतो, "हा मुरला."

सातव्या सकाळी मी टेम्पोतून पत्र्याचं पिंप, नळाचं पाणी आणि फोडलेला बर्फ घेऊन खाणीवर गेलो. डॉक्टरीणबाईंनाही सोबत घेतलं होतं. बहीण पदर खोचून तयारच होती. मी बाबाला म्हणालो, "या पिंपात कुणी मेलेलं नाही. कधीच न उतरलेला माणूस तुम्हीच निवडा." सगळे बघत होते, तेव्हा नाही म्हणायची पंचाईत. त्याने पुढे उभ्या असलेल्या तरण्या टेलरकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी त्याची नाडी पाहिली आणि दोघांनी धरून त्याला आत उतरवलं.

टेलरचा श्वास खस्सकन आत ओढला गेला, डोळे विस्फारले आणि तो ओरडला, "आई गं!"

गर्दीतून त्याची म्हातारी आई चटकन म्हणाली, "काय रे? काय झालं?"

लोक खो खो हसले. बहीण हसली नाही. "ओ" म्हणायला उघडलेलं तिचं तोंड तसंच राहिलं.

जीव आता पिंपात आला, असं बाबा सांगू लागला. मी त्याच्याच त्या चौघांतल्या एका सेवेकऱ्याला त्याच पिंपात बसवलं. तो शांत बसला. मग जीव गेला कुठे, असं टेलरने कुडकुडत विचारलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की अंगाला अचानक गार पाणी लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि छाती धडधडते. रोज थोडा वेळ बसलं तर पाच-सहा दिवसांत शरीर सरावतं, धसका कमी होतो. बाबा वर्षभर सरावलेला होता, इतकंच.

घरी जाताना टेम्पोत बहिणीने विचारलं, "मग त्याने मला हाक मारलीच नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण ते बाबानेही केलं होतं. मी म्हणालो, "त्या धसक्यात डोकं पाण्याखाली असलं तर श्वासाबरोबर पाणीच आत जातं. बहुतेक तसंच झालं असेल. हाक मारायला त्याला वेळच मिळाला नसेल गं."

ती वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. मलाही आवरलं नाही.

कारखान्यात आता नव्या माणसाला पहिल्या दिवशी फक्त पाय बुडवू देतो, जवळ एक जण उभा ठेवतो. तुम्हीही गार पाण्यात एकदम उडी मारू नका, एकटे उतरू नका. आणि पाणी बोलतं असं कुणी सांगितलं, तर आधी साध्या पिंपातलं पाणीही तसंच बोलतं का, ते बघा. नवा माणूस "आई गं" ओरडला की कामगार अजूनही हसतात. मी मात्र खाणीच्या दिशेने बघतो, आणि काही क्षण मला काम सुचत नाही.

खाणीवरून टेम्पोतून घरी आलो, त्या रात्री बहिणीने दाराला आतून कडी लावली.