लाल टिपक्याचा टायमर

"तो दिवा जागेवर ठेवा," ईलाय म्हणाला. "त्याच्याखाली झाडं भाजतील, आणि तुम्हीही."

ग्लेनिस टर्नबुलनं आमच्या दुकानातल्या सर्वांत मोठ्या दिव्याचा खोका पोटाशी धरला होता. मी गल्ल्यामागे दातओठ खात उभी. घरात झाडं वाढवायच्या सामानाचं हे दुकान माझं, पण काउंटरवर ईलाय रेझनसॉफ असला की विक्री कमी आणि शिकवणीच जास्त व्हायची. कॅनडातल्या आमच्या कॅसलगर गावात घरात गांजाची चार झाडं लावायला कायद्यानं मोकळीक मिळाली, त्या वर्षी मी त्याला कामावर ठेवलं. त्याआधी तीस वर्षं तो लाकडाच्या गिरणीत होता. त्याच्या घरच्या पंथात दारू-तंबाखू वर्ज्य, त्यामुळे या माणसानं जन्मात एक झुरका मारलेला नाही. पण पान नुसतं बोटांत धरून झाडाला काय होतंय ते सांगायचा.

ग्लेनिसनं खोका खाली ठेवला आणि एकदम बोलायला लागली. नवऱ्याला, ऑर्विलला, हाडांचा कॅन्सर होता. दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी तो दिवसभर झोपून राहायचा आणि त्याला जागं राहायचं होतं. गांजा घ्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती. तयार माल चार दुकानं सोडून मिळतो, हे तिलाही ठाऊक होतं.

"विकतचं नको म्हणतो," ती म्हणाली. "चाळीस वर्षं परसात भाजी काढली, आता पायऱ्या उतरवत नाहीत. एक शेवटचं पीक काढायचंय त्याला."

"वेळ किती आहे?" ईलायनं विचारलं. मला हे विचारायला जमलं नसतं.

"वसंतापर्यंत, म्हणतात."

ऑक्टोबर चालू होता. ईलायनं बोटांवर महिने मोजले आणि मान डोलावली. मग त्यानं सामान काढलं. आतून चंदेरी अस्तर असलेला कपाटाएवढा तंबू, बेताचा दिवा, हवा बाहेर फेकणारा पंखा, वास धरून ठेवणारं कोळशाचं गाळणं, दोन कापडी कुंड्या, ओलावा आणि तापमान दाखवणारी डबी, दिवा आपोआप चालू-बंद करणारा टायमर. खताच्या चार बाटल्या मी पुढे सरकवल्या, त्यातल्या तीन त्यानं मागे सरकवल्या.

"पाणी घड्याळ बघून घालायचं नाही," त्यानं बजावलं. "कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तरच घालायचं. आणि झाड फुलोऱ्यावर आलं की बारा तास उजेड, बारा तास अंधार. अंधारात कुणी डोकावलं तरी झाड बिथरतं."

हिवाळ्यात रात्री खोली गारठते, म्हणून दिवा रात्री लावायचा आणि अंधार दिवसा ठेवायचा, असं ठरलं. ग्लेनिस दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असायची. टायमरचं चुकीचं बटण दाबलं जाऊ नये म्हणून तिनं बरोबर बटणावर नेलपॉलिशचा लाल टिपका दिला. दर शनिवारी ती फोनवर फोटो घेऊन यायची आणि ईलाय चष्मा कपाळावर चढवून ते बघायचा. रोपं वाढली, फुलोरा आला. ऑर्विल म्हणे वहीत रोजची उंची लिहीत होता.

जानेवारीत ती एक कळी कागदात गुंडाळून घेऊन आली. कळीतून केळ्यासारखे बारीक पिवळे कोंब बाहेर डोकावत होते. ईलायचा चेहरा उतरला. मादी झाडावर नर फुलं धरली होती. ती पिकली की कळ्यांत बियाच बिया, आणि औषधाचा जोर गेला. अंधारात कुठून तरी उजेड शिरत होता.

"माझंच चुकलं असणार," ग्लेनिस म्हणाली. "एवढं एक काम दिलं होतं त्यानं मला." ती रडली नाही, पण ओठ घट्ट दाबून धरले होते तिनं.

सोमवारी दुपारी मी ईलायला त्यांच्या घरी नेलं. ग्लेनिस कामावर होती. खोलीतला दिवा लावून ईलाय तंबूत शिरला, मला बाहेरून चेन लावायला सांगितली आणि दहा मिनिटं गुडघे पोटाशी घेऊन बसला. भोक शोधायची ही रीत. डोळे अंधाराला सरावले की टाचणीएवढा उजेडही दिसतो. ऑर्विल दारात चाकं लावलेल्या वॉकरला धरून उभा होता. हाडांचा नुसता सापळा, पण दाढी नीट केलेली.

ईलाय बाहेर आला. भोक कुठेच नव्हतं. मग त्याची नजर तंबूसमोरच्या खुर्चीवर गेली. खुर्चीतली उशी दबलेली होती आणि शेजारी गार चहाचा कप होता.

"रोज दुपारी उघडतो," ऑर्विल हळूच म्हणाला. "पाचेक मिनिटं. मला झाडांजवळ बसायचं असतं. तिला सांगू नका, तिला वाटेल मीच..."

ईलायनं खिशातून कपाळाला बांधायचा हिरवा दिवा काढून त्याच्या हातात ठेवला. हिरवा उजेड झाडाला जवळजवळ जाणवत नाही. मग एक चिमटा दिला आणि पिवळे कोंब कसे खुडायचे ते दाखवलं.

"रोज दुपारी एकेक कळी तपासायची," तो म्हणाला. "खोलीत काळोख करून, फक्त हा दिवा लावून. हे काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. सगळ्यांना घाई असते."

ऑर्विलनं दिवा तिथल्या तिथे कपाळाला बांधला.

संध्याकाळी ग्लेनिस दुकानात आली तेव्हा ईलायनं तिला सांगितलं की टायमर बिघडलेला निघाला, दोष दुकानाचा. नवा देऊन, घरून काढून आणलेला जुना त्यानं ठेवून घेतला. मी तोंड उघडणार होते. माझ्या मालाला माझ्याच काउंटरवर बट्टा लावत होता हा माणूस. पण ग्लेनिसचे खांदे खाली आले आणि तिनं मोठा श्वास सोडला, तेव्हा मी गप्प बसले. इतका मोठा माणूस माझ्याकडे पगारावर आहे, याची मला त्या दिवशी लाज वाटली आणि अभिमानही.

पीक फेब्रुवारीत निघालं. बिया निघाल्या, पण थोड्याच. ऑर्विलनं दोन्ही झाडं स्वतःच्या हातानं कापली. शेवटचे पाच आठवडे दुपारी जागा असायचा, पत्ते खेळायचा आणि लबाडी करायचा, असं ग्लेनिस सांगत होती. मार्चअखेरीस तो गेला.

मे महिन्यात ती माती घ्यायला आली. परसात टोमॅटो लावायचे म्हणाली. ईलाय पोती काढायला आत गेला. काउंटरच्या कडेला आमच्या रोपांवरचा दिवा लागलेला होता आणि त्याच्या टायमरच्या बटणावर तोच लाल टिपका होता. चालती वस्तू फेकायची ईलायला सवय नाही. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं, आणि आता टायमर झाकायला उशीर झाला होता.

ग्लेनिसची नजर त्या टिपक्यावर पडली.

"तंबूची चेन कधीकधी पुरती लागलेली नसायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच विसरले."

ईलाय खांद्यावर पोतं घेऊन बाहेर आला आणि जागीच थबकला. तिनं मनगटावरचं घड्याळ टायमरवरच्या वेळेशेजारी धरून पाहिलं. घड्याळच तीन मिनिटं मागे होतं. किल्ली फिरवून तिनं ते टायमरबरोबर लावलं आणि बाही खाली ओढली.

"दोन पोती दे, ईलाय," ती म्हणाली. "गाडीपर्यंत आणून देशील ना?"