मोझमजाही मार्केटजवळचा विसावा

मित्रांनो, आपली स्वतःची अंत्ययात्रा पाहण्याचं भाग्य फार थोड्यांना मिळतं. मला ते मिळालं. मी मोरपंखी रंगाची एक जुनी स्कूटर आहे. हैदराबादच्या गौलीगुड्यात, बस स्टँडमागच्या एका गल्लीत, जिन्याखाली माझं घर आहे. गिअर माझ्या डाव्या मुठीत आहेत, पाठीवर स्टेपनी आहे आणि पुढे, पायांजवळ, एक रबरी चटई आहे. त्या चटईची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे. बाकी सगळं त्याच ओघात येईल.

माझे मालक हिम्मतराव. त्यांचं घराणं बिदरकडचं शेतकऱ्याचं, पण ते स्वतः इथे वीज खात्यात कारकून झाले. तेव्हा स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मी दारात आले तेव्हा त्यांच्या बायकोने, गंगूबाईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "अगं, नव्या सुनेसारखंच चाललंय की तुझं!" गंगूबाई म्हणाल्या, "सून परवडली. ही रोज पेट्रोल पिणार."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी धाव त्यानंतर दोन वर्षांनी झाली. गंगूबाईंना कळा सुरू झाल्या आणि रिक्षा काही मिळेना. हिम्मतरावांनी त्यांना माझ्यावर बसवलं. पुतळीबावली चौकात मी आचके दिले आणि बंद पडले. पेट्रोल संपलं होतं. घामाने निथळणाऱ्या हिम्मतरावांनी गंगूबाईंना उतरवलं, मला जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत एका कुशीवर कलतं केलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. टाकीच्या कोपऱ्यात दडलेले शेवटचे थेंब हळूहळू सरकत माझ्या काळजाशी आले. मग मला उभं करून त्यांनी एक किक मारली, गंगूबाईंना पुन्हा बसवलं, आणि मी निघाले. जुन्या स्कूटरवाल्यांना ही युक्ती ठाऊक असते. आम्ही संपलो असं वाटतं, तेव्हाही आमच्यात थोडं काहीतरी उरलेलं असतं.

दवाखान्याच्या दारात पोचलो, आणि थोड्याच वेळात शिल्पा जन्मली.

ती उभी राहायला लागली तेव्हा त्या रबरी चटईवर उभी राहिली. मित्रांनो, लहान मुलाला स्कूटरवर पुढे उभं केलेलं तुम्ही पाहिलं आहे का? दोन्ही हात हँडलवर, हनुवटी काचेशी, आणि मागून बापाच्या दोन गुडघ्यांची भिंत. ते इवलेसे पाय माझ्या पोटावर ठेका धरत. खड्डा आला की बोटं आवळत. रस्ता मला दिसण्यापेक्षा त्या पावलांतूनच जास्त कळायचा. मग एक दिवस शिल्पाचं डोकं वडिलांच्या हनुवटीला लागू लागलं. त्यांना पुढचं दिसेना, आणि तिची रवानगी मागच्या सीटवर झाली. ती खूप रडली. मी रडू शकत नाही, पण त्या दिवशी मी तीन वेळा बंद पडले.

पुढे ती लग्न होऊन कुकटपल्लीला गेली. आणि काही वर्षांनी, एका रविवारी, त्याच चटईवर पुन्हा दोन छोटी पावलं येऊन उभी राहिली. शर्वरी. शिल्पाची मुलगी.

माझ्या म्हातारपणाचे ते सगळ्यांत सुंदर रविवार. सकाळी हिम्मतराव मला घेऊन कुकटपल्लीला जात, शर्वरीला आणत, आणि गौलीगुड्याला पोचण्याआधी मोझमजाही मार्केटच्या दगडी मनोऱ्यावरच्या घड्याळाखाली आम्ही थांबत. तिथे सीताफळाचं आईस्क्रीम घेतलं जाई. "आज्जीला सांगायचं नाही हं," हिम्मतराव म्हणत. शर्वरी घरात शिरताच सांगायची, "आज्जी, आम्ही आईस्क्रीम नाही खाल्लं!"

पण पेट्रोल चढत गेलं. आधी दर रविवार होता, तो एकाआड एक झाला, मग महिन्यातून एकदा. पुढे हिम्मतराव मेट्रोने जाऊ लागले. मेट्रो चांगली आहे. थंडगार आहे, आणि कुकटपल्लीला कुठेही न बदलता सरळ नेते. त्यांना मी दोष देत नाही. निवृत्त माणसाने पेट्रोल जाळत शहर ओलांडायचं म्हणजे चैनच. पण मेट्रोत पुढे उभं राहायला मिळत नाही आणि ती आईस्क्रीमसाठी थांबत नाही. शर्वरी फोनवर विचारायची, "आजोबा, आपली गाडी कुठंय?"

"दमलीय गं ती. झोपलीय."

मी जिन्याखाली हे ऐकायची. माझ्या अंगावर जुनी चादर होती. मांजर सीटवर झोपायचं आणि चटईवर धूळ साचायची. दसऱ्याला तेवढी मला पुसून हार घातला जाई, लिंबू चाकाखाली चिरडलं जाई, आणि हिम्मतराव मला सुरू करून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणत. बाकी वर्षभर मी त्या पावलांची वाट पाहत असे. वाट पाहणं हेसुद्धा एक काम असतं, मित्रांनो, आणि त्यात कोणी शाबासकी देत नाही.

अशात एके संध्याकाळी समोरच्या घरातला मकरंद आमच्या जिन्यापाशी आला. तो वकील. घराण्यात सगळेच वकील, त्यामुळे साधं दूध मागायचं तरी बाजू मांडतो. त्याच्याबरोबर रिक्षावाले होते, शाळेची व्हॅन चालवणारा संदेश होता, घरोघरी पार्सल पोचवणारी मुलं होती. पेट्रोलवरचे कर कमी करा, म्हणून त्यांनी मोहीम उघडली होती. सह्या गोळा होत होत्या आणि येत्या रविवारी मोर्चा होता. मोर्चाचा नियम एकच: सगळ्यांनी गाड्या आणायच्या, पण इंजिन बंद. ढकलत न्यायच्या. गौलीगुड्यापासून नामपल्लीपर्यंत.

गंगूबाईंनी चहा दिला. मकरंदने कप उचलला. "काकू, बघा. समजा हे पेट्रोल. यातलं एवढंसं खरं तेल. बाकी सगळा कर. थोडा दिल्लीचा, थोडा इथला." समजावता समजावता त्याने चहा संपवला.

"कळलं," गंगूबाई म्हणाल्या. "कप माझा, साखर माझी, आणि पिऊन तू मोकळा. सरकारच शोभतोस."

सगळे हसले. मग मकरंदने मुद्द्याची गोष्ट काढली. मोर्चाच्या पुढे एक गाडी तिरडीवर न्यायची होती. खरीखुरी तिरडी, बांबूची, हार घातलेली. नामपल्लीला पोचल्यावर ती गाडी सगळ्यांसमोर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवायची. "लोकांना दिसलं पाहिजे," तो म्हणाला, "की माणसं आता गाड्या मोडीत काढायला लागलीत. पण गाडी द्यायची कोणी?"

संदेश म्हणाला, "माझी व्हॅन उचलायला हत्ती लागंल." रिक्षावाल्यांनी माना खाली घातल्या. त्यांचं पोट त्यांच्या गाडीवर होतं.

तेव्हा हिम्मतराव म्हणाले, "माझी घ्या. नुसती उभीच तर आहे."

नुसती उभीच. मित्रांनो, हे दोन शब्द माझ्या पत्र्याला पोचा पाडून गेले.

लोक गेल्यावर गंगूबाई आतून म्हणाल्या, "विचारलंत कुणाला?"

"कुणाला विचारायचं? लोखंड आहे ते."

"हौ, लोखंड! त्याच लोखंडावर मला घेऊन पुतळीबावलीत रडत उभे होतात ना?"

"मी रडत नव्हतो. घाम होता तो."

"शिल्पाला सांगितलंत?"

शिल्पाला हिम्मतरावांनी फोन केला, पण एवढंच सांगितलं की रविवारी मोर्चा आहे, पोरीला घेऊन मोझमजाही मार्केटला ये, गंमत आहे. त्या रात्री त्यांनी चादर काढून माझी चटई ओल्या फडक्याने पुसली. ज्याला निरोप द्यायचा त्यालाच माणसं इतकं पुसतात, हे मला कळत होतं.

रविवारी गल्ली माणसांनी भरली. बांबूच्या तिरडीवर मला उभं करून पाहिलं, पण मी डुलायला लागले. मग कोणीतरी म्हणालं, "अरे, मुडद्याला उभं नेतात का? आडवी करा." मला एका कुशीवर निजवलं, सुंभाने बांधलं, झेंडूचे हार घातले. आठ जणांनी खांदा दिला. पुढे मडकं धरायचं ते हिम्मतरावांनी, घरचा माणूस म्हणून. मडक्याऐवजी त्यांच्या हातात पेट्रोलचा रिकामा कॅन होता.

मागे शे-दीडशे गाड्या, सगळ्या मुक्या. चाकांचा नुसता सळसळाट. मकरंदने मरफावाले आणले होते. मरफा म्हणजे इथल्या वरातींत वाजणारा ढोल. "हळू वाजवा, गम में वाजवा," असं तो त्यांना बजावत होता. त्यांना वरातीचाच ठेका येत होता, म्हणून ते बिचारे मोजून मधूनच एक थाप मारत. एक रिक्षावाला छाती पिटत ओरडला, "अय्यो, पोरगी ऐन जवानीत गेली गं!"

"जवानीत? पस्तिशी उलटलीय तिची," संदेश म्हणाला.

"स्कूटर झाली तरी बाई होती मियां, तिचं वय नाही सांगायचं!"

मी खांद्यावर डुलत होते. कोठीची दुकानं आडवी होऊन मागे सरकत होती. अशा कुशीवर मी फार वर्षांनी निजले होते. आणि खांदेकऱ्यांच्या दर पावलागणिक माझ्या पोटात काहीतरी हळूच हलत होतं. दसऱ्याला घातलेलं, टाकीच्या कोपऱ्यात पडून राहिलेलं. त्यांच्यापैकी कोणाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. तिरडीवर निजवताना गडबडीत टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे सोडणारा कॉकही कोणाच्या तरी हाताने उघडला गेला होता.

अंत्ययात्रेत वाटेत एकदा विसावा घ्यायचा असतो. तिरडी खाली ठेवायची आणि खांदे बदलायचे. मकरंदने विसाव्याची जागा ठरवली होती मोझमजाही मार्केटची. मला घड्याळाखाली जमिनीवर ठेवलं, आणि गर्दीतून एक ओळखीचा आवाज आला.

"आजोबा! आपली गाडी!"

शर्वरी आईचा हात सोडून धावत आली. शिल्पा मागे उभी राहिली. तिने हार पाहिले, बांबू पाहिले, वडिलांच्या हातातला कॅन पाहिला.

"अप्पा, ही?" एवढंच ती म्हणाली.

"नामपल्लीला भंगारवाला थांबलाय," हिम्मतराव म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते.

शर्वरी माझ्याजवळ उकिडवी बसली. चटईवरची झेंडूची पाकळी तिने उचलली. "आजोबा, ती अजून झोपलीय? उठवा ना. आईस्क्रीमची जागा आली."

हिम्मतरावांनी कॅन खाली ठेवला आणि ते सुंभाची गाठ सोडायला लागले.

"काका, काय करताय?" मकरंद घाबरला. "खांदे बदलायचेत फक्त."

"नुसतं उभं करतोय रे. पोरीसाठी."

त्यांनी मला उभं केलं. हार सावरला. आणि जुन्या सवयीने, काही विचार न करता, त्यांचा पाय किकवर गेला.

पहिल्या किकेला मी खोकले. दुसरीला मला पुतळीबावली चौक आठवला. तिसरीला, मित्रांनो, मी धडधडत उठले. निळा धूर थेट मकरंदच्या कोटावर गेला.

मग तो मघाचा रिक्षावाला किंचाळला, "मय्यत उठ गई रे!" आणि मरफावाल्यांना इतका वेळ कोंडलेला वरातीचा ठेका आवरेना. ढोल असे कडाडले की घड्याळाखालची कबुतरं उडाली.

"काका, इंजिन बंद! नियम आहे!" मकरंद ओरडत होता.

हिम्मतरावांनी मला लगेच बंद केलं. नियम त्यांना मान्य होता. पण त्यांचे दोन्ही हात माझ्या मुठींवर घट्ट होते. "मकरंद, ही टेम्पोत जाणार नाही."

"अहो, पण मोर्चाचा शेवट..."

"शेवट बदल. गाडी मेली असं सांगायला निघालोय का आपण? गाडी चालवायचीय म्हणून तर भांडतोय ना? तेच सांगू सरकारला." त्यांनी शर्वरीला उचललं आणि चटईवर उभं केलं.

पावलं माझ्यावर आली. पूर्वीपेक्षा जड, पूर्वीपेक्षा मोठी. पण बोटं तशीच आवळली गेली.

उरलेला रस्ता हिम्मतराव आणि शिल्पा दोघांनी मिळून मला ढकलत नेलं, सगळ्या मोर्चाच्या पुढे, इंजिन बंद. शर्वरी तोंडानेच "घर्र घर्र" करत होती. नामपल्लीला भंगारवाला टेम्पोला टेकून उभा होता. तो म्हणाला, "साब, मेरेकू स्कूटर बोले थे ना?" मकरंदने त्याला बांबू दिले आणि सही करायला कागद पुढे केला. त्यालाही टेम्पो चालवायचाच होता. त्याने सही केली.

सह्या पाठवल्या गेल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही, कर होता तेवढाच आहे. म्हणून आम्ही महिन्यातून एकच रविवार निघतो. मकरंदची मोहीम चालू आहे, आणि त्याचा चहाही. मी मात्र आता चादरीखाली नसते. अधूनमधून हिम्मतराव खाली येतात, मला जरासं कलतं करतात आणि कान लावून आतला आवाज ऐकतात.

गेल्या रविवारी शर्वरीचं डोकं त्यांच्या हनुवटीला लागलं. त्यांनी मान थोडी वाकडी केली आणि तसेच चालवत राहिले. फार दिवस असं चालणार नाही, हे आम्हां दोघांनाही माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली, गच्चीवर, कोपऱ्यात कोणीतरी नुसतं उभं असेल. त्याची धूळ पुसा. त्याला टाकून देण्याआधी एकदा कुशीवर कलतं करून पाहा. आणि तुम्ही अजून लहान असाल, तर आजच कोणाच्या तरी पुढे उभे राहा. हनुवटी गाठायला फार वेळ लागत नाही.