आईच्या साडीचा रंग

मी एक म्हातारा घरगुती संगणक बोलतोय. जाडजूड कीबोर्डच्या पोटातच माझं सगळं बिऱ्हाड. माझे भाऊबंद केव्हाच भंगारात गेले. मी मात्र सुरतेला, भेस्तानच्या एका घरात पलंगाखाली पडून होतो.

या घरातले गंगाराम पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रंगमास्तर होते. शेठच्या मुलाला माझा कंटाळा आला, म्हणून शेठने मला त्यांच्या हाती दिलं. त्यांच्या मुलाने, प्रज्ञेशने, मला फार जीव लावला. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. त्यालाच मला जोडून त्याने आईचं चित्र काढलं. रंग तो मला आकड्यांनी सांगायचा, पडद्यावर सगळं करडंच दिसायचं. "आई, साडीचा रंग आत्ता सांगणार नाही. रंगीत टीव्ही आला की बघ," म्हणायचा. चित्र त्याने कॅसेटवर भरून ठेवलं. त्याच वर्षी काविळीने तो गेला. त्याच्या आईने, चंपाबाईंनी, मला फडक्यात गुंडाळून ठेवलं.

आता चंपाबाईंना श्वास पुरत नाही. "तेवढा रंग दाखवा मले," एवढंच त्यांचं मागणं. म्हणून लेकीने, रूपालीने, जुना रंगीत मॉनिटर मिळवला आणि दुरुस्तीवाल्याकडून माझ्या मापाची वायर करून आणली.

कॅसेट किरकिरत वाजली आणि शेवटाला रेकॉर्डरने टेप चावून तोडली. पण चित्र माझ्यात उतरलं होतं. वीज असेपर्यंत ते माझ्यात राहणार होतं. रूपाली मॉनिटरमागे बसून वायरची सैल पिन दाबून धरत होती. चंपाबाई अजून मोरीकडून यायच्या होत्या, तेवढ्यात पडदा उजळला.

गंगारामांनी पडदा न बघताच चटकन तोंड फिरवलं. जन्माची सवय! "ट्यूबलाइटमधी शेड बघायची नसते, डोळा फसतो. चंपा, दारात ये, उजेडात दाखवतो." आणि त्यांनी टेबलच दाराकडे ओढलं.

"पप्पा, ऊभा रहो!" रूपाली किंचाळली. तोवर भिंतीतला माझा प्लग निघाला होता.

चंपाबाई काठी टेकत आल्या. पडदा काळा.

"कोन्ता रंग होता?"

"निळा," गंगाराम म्हणाले. त्याच वेळी रूपाली म्हणाली, "पिवळा."

चंपाबाईंनी दोघांकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या.

गंगाराम अजून रोज मला चालू करतात. मी रिकामाच उजळतो. बाबांनो, मला आता भंगारात द्या. मी समोर असेपर्यंत ती माउली कूस बदलायची नाही.