चाटणाची वीट

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिसरी शेळी मेली. तोंडात फोड, नाकपुड्या चिकटलेल्या, शेपटीखाली हगवण वाळलेली, पहिल्या दोघींसारखंच. धाकटीने तिच्यावर पोतं टाकलं, हात धुतले आणि हद्दीपलीकडे फोन लावला.

पलीकडे तिची थोरली बहीण राहायची. दोन घरांत अंतर चौदा किलोमीटर, पण देश दोन. थोरलीचा बोकड दरवर्षी दोन महिने धाकटीकडे यायचा. कागद, शिक्का, ताप बघणं, सगळं रीतसर. तपासणी नाक्यावरचे लोक त्याला ‘जावईबापू’ म्हणायचे.

“ताई, तुझ्या जावईबापूंनी आहेर आणलाय. तीन गेल्या. आजारी जनावर पाठवताना तुला काहीच वाटलं नाही?”

“अगं, काय बोलतेस! माझ्याकडे एक शेळी शिंकलेली नाही. तू त्याला वेगळा बांधला होतास ना?”

“मला शिकवू नकोस. साठ पावलं मोजून खुंटी ठोकलीय. माझं घर धुऊन निघतंय आणि तू मलाच विचारतेस?”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

धाकटी खोटं बोलत नव्हती. बोकड आल्यावर एकवीस दिवस वेगळा ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या सकाळी सोळावा दिवस होता. त्याची बादली वेगळी, चारा वेगळा, दाराशी चुना. त्याच्याकडे जाताना ती चपलासुद्धा बदलायची. “मला ताप आला तेव्हा साधा कपही वेगळा केला नव्हतास,” नवरा म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी बोकडाचं नाक गळलं आणि दोन दिवसांनी थांबलं. प्रवासाचा शीण, असं दोघांनीही ठरवून टाकलं.

नऊ वाजता ती नाक्यावर गेली आणि तक्रार द्यायची म्हणाली. कारकुनाने बोकडाच्या मालकिणीचं नाव विचारलं, मग पेन थांबवलं.

“सख्खी बहीण ना?”

“हो.”

“लिहू?”

“लिहा.”

त्याने लिहिलं. थोरलीकडे शेळ्या एकतीस, हेही तिनेच सांगितलं.

दुपारी डॉक्टर आले. आजारी शेळ्यांच्या तोंडात बोट फिरवून म्हणाले, “पीपीआर दिसतोय, शेळ्यांचा प्लेग. विषाणू आहे, औषधाने मरत नाही. बोकडात आणि ह्यांच्यात सामाईक काय होतं?”

“काही नाही.”

“पाणी?”

“वेगळं.”

“चारा?”

“वेगळा, डॉक्टर. हवं तर ह्यांना विचारा.”

डॉक्टर हात धुऊन टॉवेलकडे वळले, तर डोकं कशावर तरी आपटलं. आढ्याला दोरीने टांगलेली मिठाची वीट. चाटून चाटून मधे खोलगट झालेली.

“ही बोकडालाही देता?”

“चाटणाची वीट आहे ती. संध्याकाळी आधी त्याच्यापुढे धरायची, मग इथे टांगायची. बोकडाने चाटल्याशिवाय शेळ्या तोंड लावत नाहीत, आमच्या आईपासून...”

वीट ना पाणी होती, ना चारा. म्हणून ती कशातच मोजली गेली नव्हती.

डॉक्टरांनी वीट पिशवीत घालून गाठ मारली.

“म्हणजे मीच?” धाकटीने विचारलं.

“बोकडाला रोग कुठे लागला ते माहीत नाही. बहिणीकडे, ट्रकमध्ये, नाक्याच्या आवारात, कुठेही. पण ही वीट नसती, तर रोग त्या खुंटीवरच संपला असता.”

ती तशीच नाक्यावर गेली. कारकुनाने मान हलवली. “कागद अकरा वाजताच पलीकडे गेला, बाई. पाठवायला एक शिक्का पुरतो. परत मागवायचा शिक्का आमच्याकडे नाही.”

पलीकडच्या अधिकाऱ्यांनी संध्याकाळपर्यंत थोरलीच्या गोठ्याभोवती दोरी बांधली. तिची जनावरं विकायला, चरायला, पाण्यावर न्यायला बंदी.

आज शनिवार, तक्रारीला पाचवा दिवस. धाकटीच्या सात शेळ्या गेल्या; तिच्याकडचा अहवाल आला, पीपीआरच. बोकड धडधाकट आहे. थोरलीच्या एकतीसही शेळ्या उभ्या आहेत, पण त्यातल्या दोघींनी कालपासून चारा सोडलाय, असं कारकून म्हणाला. त्यांच्या रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत गेलेत, अहवाल यायचाय. धाकटीने आज पाच वेळा फोन लावला. पाचही वेळा घंटा शेवटपर्यंत वाजली.