बोक्याच्या पायातली गाठ

कुत्र्याचं नाव बोक्या. पिल्लू असल्यापासून उन्हात तंगड्या पसरून पडायचा, म्हणून आजीनंच ठेवलेलं. ते ऐकून न हसलेला माणूस अजून कुणाला भेटलेला नाही. कार्यालयातला शिपाईही हसला, पण आज आजीला हसू येईना. पशुवैद्यकीय कार्यालयाच्या बाकावर ती अंग चोरून बसली होती. शेजारी सून मांडीवरची फाइल पुन्हा पुन्हा चाळत होती. लसीचा दाखला, रक्ताचा अहवाल, ओळखीसाठी टोचलेल्या चिपचा नंबर, सगळं जिथल्या तिथं होतं. आजचा शिक्का मिळाला की बोक्या त्यांच्याबरोबर परदेशी, आजीच्या मुलाकडे जाणार. नाही मिळाला, तर तो इथंच राहणार.

शिक्का मिळायचा नाही, हे आजीला ठाऊक होतं. कारण फाइलमध्ये नव्हतं, बोक्याच्या पुढच्या डाव्या पायात होतं.

म्हातारपणानं त्याचे सांधे आखडत, म्हणून रोज संध्याकाळी ती त्याला मानेपासून खाली चोळून द्यायची. असंच एकदा चोळताना कोपराच्या वर बोटाला काहीतरी लागलं. तांदळाच्या दाण्याएवढं, टणक. आजोबांचं दुखणंही अशाच एवढ्याशा गाठीनं सुरू झालं होतं, आणि त्याचा शेवट तिनं डोळ्यांनी पाहिला होता. आजारी कुत्र्याला विमानात कोण घेणार? आजीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज चोळायची, रोज तो दाणा चाचपायची, आणि डोळे का भरले असं सुनेनं विचारलंच तर कचरा गेला म्हणायची.

हाक आली. अधिकारीबाईंनी बोक्याचे दात पाहिले, कान पाहिले, छातीला नळी लावली. आजी डाव्या बाजूला उभी, त्याच्या पायावर हात घट्ट ठेवून. तो बुजतो, म्हणून धरलाय, असं तिनं सांगितलं. बुजणारा बोक्या त्याच वेळी जांभई देत होता.

मग बाईंनी चिप वाचायचं यंत्र त्याच्या मानेवरून फिरवलं. यंत्र गप्प. पाठ झाली, पोट झालं, उजवा पाय झाला. डावीकडे आजीचा हात आडवा आला, तेवढी जागा सोडून यंत्र पुढं गेलं.

चिप सापडत नाही, बाई म्हणाल्या. आणि चिप नसेल तर लस याच कुत्र्याला दिली कशावरून? सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, त्यात महिने जातील. सून रडकुंडीला आली. घर सोडलं होतं, सामान पुढं गेलं होतं. डॉक्टरांनी तिच्यासमोर मानेत चिप टोचली होती, हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"कधी कधी ती सरकते," बाई म्हणाल्या. "आजी, हात काढता जरा?"

आजीनं हात आणखी घट्ट दाबला. हात काढला तर गाठ दिसणार, नाही काढला तर चिप नाही. इकडे आड, तिकडे विहीर. बोक्यानं मान वळवून तिचं मनगट चाटलं. याला मागं सोडून जायचं, आणि याला वाटणार आजी आत्ता येईल. तिला ते सोसवेना.

"काढते," ती म्हणाली. "पण खाली गाठ आहे. मी लपवली. त्याला औषध द्या, पण त्याला इथं ठेवू नका."

सून तिच्याकडे बघतच राहिली. बाईंनी यंत्र त्या जागी टेकवलं. यंत्र वाजलं. बाईंनी आकडे फाइलशी ताडून पाहिले.

"गाठ नाही, आजी. हीच चिप आहे. चोळून चोळून तुम्हीच खाली आणली असेल."

"इतके दिवस एकट्याच घाबरत होतात?" सुनेनं विचारलं. आजीची बोटं पुन्हा त्या दाण्यावर गेली होती. कागदावर शिक्का पडला, तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

"बाई, पुन्हा एकदा लावून बघता का?"

बाईंनी लावलं. यंत्र वाजलं.

"आणखी एकदा," आजी म्हणाली.